जुळ्या कोकरांची वर्षं

बंगालच्या दलदलीतून आणलेल्या मेंढ्या मी पहिल्यांदा पाहिल्या, तेव्हा मला ती कोकरंच वाटली. माझ्या गुडघ्याच्या जेमतेम वर पोचणारी उंची, मळकट तपकिरी लोकर, आखूड पाय. गोठ्यात आमचे साहेब उभे होते. मी त्यांना विचारलं, "यांच्या आया कुठे आहेत?"

साहेब हसले. "ह्याच आया. ती कोपऱ्यातली बघ, या खेपेला तिला तीन झाली."

नव्वदीच्या दशकातली मधली वर्षं होती. पशुवैद्यकाची पदवी घेऊन मी नाशिकला परत आले होते. गंगापूर रोडवरच्या आमच्या घरी बसून सरकारी जाहिरातींना अर्ज करणं चाललं होतं. तेवढ्यात एका संशोधन संस्थेत जागा निघाली. संस्था दुसऱ्या जिल्ह्यात होती, पण नाशिककडच्या धनगरांच्या कळपांवर काम करायला त्यांना इथलाच डॉक्टर हवा होता. मुलाखतीत साहेबांनी मला एकच प्रश्न विचारला, "मेंढीला एका वेळी किती कोकरं होतात?"

"एक," मी म्हणाले.

"का?"

मला उत्तर देता आलं नाही. त्या वेळी कुणालाच नीट देता आलं नसतं, हे पुढे कळलं. पण तो 'का' माझ्या डोक्यात अडकून राहिला, आणि नोकरी मिळाली.

साहेब आनुवंशिकीतले. अंगाने किरकोळ, बोलायला लागले की थांबायचे नाहीत. त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सगळं समजावून सांगितलं. आपल्या दख्खनी मेंढीला एका वेळी एकच कोकरू होतं. जुळं झालंच तर क्वचित. बंगालच्या त्या बुटक्या मेंढीला मात्र दोन-तीन सर्रास होतात, आणि हा गुण तिच्या एकाच जनुकात आहे. उंची, वजन, दूध, या गोष्टी पुष्कळ जनुकांच्या मेळाने ठरतात, पण जुळ्यांचा हा गुण एकटा फिरतो. मग तो एकटा काढून आपल्या उंच, काळ्या, चालणाऱ्या मेंढीत घालता येईल का? बाकीची मेंढी जशीच्या तशी ठेवून?

मला हे ऐकताना निराळंच कुतूहल वाटत होतं, कारण मी स्वतः जुळी आहे.

माझी बहीण माझ्याहून हातभर उंच, रंगाने उजळ, केस कुरळे. आम्ही जुळ्या आहोत हे शाळेत कुणाला खरं वाटायचं नाही. घरात आमच्या जन्माची एक गोष्ट सांगितली जायची. आम्ही झालो तेव्हा आईला दोघींपुरतं दूध नव्हतं. मावशीला त्याच सुमारास मुलगा झालेला. मावशी सातपूरला, वडिलांच्या कारखान्याच्या जवळ राहायची. मग आमच्यातली एक वर्षभर मावशीकडे होती. एवढीच गोष्ट. कोण होती ते कुणी सांगायचं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. मला मात्र लहानपणापासून खात्री होती की ती मीच.

साहेबांना मी एकदा विचारलं, "माणसांतही असं एकच जनुक असतं का?" ते म्हणाले, "माणसाचं प्रकरण इतकं सोपं नाही. तू मेंढ्या बघ."

तर मी मेंढ्या बघायला लागले.

पहिला मेंढा घेऊन मी येवल्याच्या पलीकडे गेले, तो दिवस मला चांगला आठवतो. निम्मा बंगाली, निम्मा दख्खनी. आमच्या दृष्टीने मोठी प्रगती, कारण त्याची उंची त्याच्या बंगाली आईहून बरीच जास्त होती. जीपच्या मागच्या बाजूला त्याला बांधलं होतं. कांदा काढलेल्या एका शेतात धनगराचं कुटुंब उतरलं होतं. मेंढ्या शेतात बसवायच्या, त्यांचं लेंडीखत शेताला मिळतं, बदल्यात शेतकरी धान्य देतो, अशी त्यांची रीत. शेताच्या मधोमध जाळं उभं करून त्यात काळ्याभोर मेंढ्या कोंडल्या होत्या.

कुटुंबातला म्हातारा उन्हात घोंगडीवर बसला होता. मी त्याला बाबा म्हणत असे. उंच, सरळ पाठीचा, बोलण्याआधी समोरच्याकडे नीट बघून घेणारा. मी मेंढा खाली उतरवला. बाबांनी त्याच्याभोवती एक फेरी मारली.

"हे मांजर कुनाचं म्हनायचं?"

चुलीपाशी त्यांची सून भाकरी थापत होती. ती खळखळून हसली. मीही हसले, पण मला वाईट वाटलं.

"बाबा, याच्या लेकींना जुळी होतील," मी म्हणाले.

"होतील की. पन हा चालंल का? आमी दिवाळी झाली की निघतो. सिन्नर, इगतपुरी, कसारा घाट उतरून खाली भिवंडीकडं. जूनात माघारी. याला पहिल्याच घाटात खांद्यावर घ्यावं लागंल. आन् याच्या लेकींनाबी."

ते बरोबर बोलत होते. दख्खनी मेंढीचे लांब पाय, टणक खूर, दिवसभर चालून संध्याकाळी वाळल्या काटक्यांवर पोट भरायची तिची सवय, हे पिढ्यान्‌पिढ्या त्या वाटेनेच तिच्यात आणलं होतं. ते आम्ही एका फटक्यात अर्धं करून टाकलं होतं. मी मेंढा परत जीपमध्ये चढवला.

सून जीपपर्यंत आली. माझ्याच वयाची असेल. तिला मी वहिनी म्हणायला लागले, ती मला ताई. तिने मेंढ्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि हळूच विचारलं, "ताई, दोन होतात ते कशानं होतं? मेंढ्यानं का मेंढीनं?"

"गुण दोघांकडून येतो. पण दिसतो फक्त मेंढीत. मेंढ्याला कुठे कोकरं होतात?"

"मग याच्यात हाय ते तुमाला कसं कळलं?"

असा प्रश्न मला तोवर एकाही शेतकऱ्याने विचारला नव्हता. मी तिला खरं ते सांगितलं. अजून कळत नाही. त्याच्या लेकी व्यायल्यावरच कळतं. तोपर्यंत तो मेंढा म्हातारा झालेला असतो.

"आगं बया," ती म्हणाली. "मंजे सासऱ्याचा गुन सुनंच्या बाळंतपनात कळायचा."

नातं जरा चुकलं होतं, पण मुद्दा अचूक पोचला होता. पुढे साहेबांना हे सांगितलं तेव्हा ते इतके हसले की त्यांना चष्मा पुसावा लागला.

त्यानंतरची काही वर्षं कंटाळवाणी होती. अर्ध्या बंगाली मेंढ्यांचा संकर पुन्हा दख्खनीशी, त्यांच्या पिल्लांचा पुन्हा दख्खनीशी. दर पिढीला बंगालचा अंश निम्मा होत जायचा, उंची वाढायची, लोकर काळी व्हायची. पण दर पिढीला ते जनुकही निम्म्या पिल्लांतून गळून जायचं, आणि कोणत्या निम्म्या ते कळायला वाट पाहावी लागायची. संस्थेत मेंढ्या विण्याच्या दिवसांत आम्ही सगळे परीक्षेचा निकाल लागावा तसे गोठ्यात उभे असायचो. आई मला म्हणायची, "तुझ्या मेंढ्यांनी नातवंडं बघितली, माझं काय?" मी तेव्हा लग्नाचं मनावर घेत नव्हते.

मग नव्या शतकाच्या सुरुवातीला एक गोष्ट घडली. परदेशातल्या प्रयोगशाळांनी ते जनुक नेमकं शोधून काढलं. आता रक्ताच्या थेंबावरून सांगता येत होतं की ते या जनावरात आहे की नाही. साहेबांनी आम्हाला सगळ्यांना बोलावून ही बातमी सांगितली. मला आठवतं, त्या दिवशी मी एका तरण्या मेंढ्याचं रक्त काढलं. काळा कुळकुळीत, उंच, वळलेल्या शिंगांचा. त्याला बघून बाबाही फसले असते. निकाल आला, त्याच्यात होतं.

मी तोच मेंढा घेऊन पुन्हा येवल्याकडे गेले. बाबांनी त्याच्याभोवती पुन्हा एक फेरी मारली. खूर उचलून पाहिले, दात पाहिले. मग मला म्हणाले, "हा तुमचा नाय. हा आमचाच हाय, कुठनं तरी चोरून आनला."

"तुमचाच आहे बाबा. फक्त एक गोष्ट बाहेरची आहे."

"कुठं हाय ती?"

"दिसत नाही."

बाबांनी पुन्हा एकदा त्याच्या खुरांकडे पाहिलं. मग वहिनीच पुढे झाली. "मामंजी, राहू द्या की. नाय जमलं तर विकू बाजारात." तिला मेंढा पाहिजेच होता. तिच्या डोळ्यांत ते सरळ दिसत होतं. आम्ही पहिल्यांदा भेटलो तेव्हापासून ती वाट बघत होती, असं तिने मला नंतर सांगितलं. बाबा उठले, मेंढ्याला शिंगाला धरून जाळ्यात नेऊन सोडलं.

पुढे जवळपास दोन वर्षं गेली. मेंढ्याच्या लेकी झाल्या, वाढल्या, गाभण राहिल्या. एका सकाळी घरी फोन वाजला. गावातल्या एसटीडी बूथवरून वहिनी ओरडून बोलत होती. तिला वाटायचं, नाशिक लांब आहे म्हणून मोठ्याने बोलावं लागतं.

"ताई, दोन झाली! दोन!"

मी एसटी पकडून येवल्याला गेले, तिथून दुसरी. पोचले तेव्हा दुपार झाली होती. बाभळीखाली मेंढी उभी होती आणि तिच्या पोटाखाली एक कोकरू दूध पीत होतं. दुसरं हातभर अंतरावर पडलं होतं. वहिनीने ते उचलून आईपाशी नेलं. मेंढीने त्याला हुंगलं आणि डोक्याने ढकलून दिलं. वहिनीने पुन्हा नेलं, मेंढीने पुन्हा ढकललं.

"सकाळपासून असंच करतीय," वहिनी म्हणाली. "एक तिचं आन् एक परकं."

हे आम्हाला संस्थेत माहीत नव्हतं असं नाही. पण तिथे मेंढ्या बंदिस्त गोठ्यात असायच्या. एका लहान कप्प्यात आई आणि दोन पिल्लं कोंडली की तिला दोघांचाही वास लागायचा. इथे उघड्यावर पहिलं कोकरू जन्मलं, उठलं, चाललं, मेंढी त्याच्या मागे गेली आणि दुसरं जिथे जन्मलं तिथेच राहिलं. मी माझ्याकडच्या बाटलीने त्याला चीक पाजला. वहिनीने शेळीला लावून पाहिलं, पण ते कोकरू आठवडाभरात गेलं.

पुढच्या भेटीत बाबा मला म्हणाले, "तुमच्या मेंढ्यानं दोन दिली, एक मेलं. मंजे एकच झालं. मग तुमी काय केलं एवढी वर्षं?"

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. ते खरंच विचारत होते. त्या दिवशी एसटीने परत येताना मी त्याच गोष्टीचा विचार करत होते. दोन बीजं सोडायचं जनुक आम्ही मेंढीच्या अंगात घातलं. पण दोघांना पुरेल एवढं दूध आणि दोघांना आपलं म्हणायची वृत्ती, या गोष्टी त्याच्याबरोबर आल्या नव्हत्या. बंगालच्या मेंढीकडे त्या होत्या. घराजवळ, दलदलीच्या कडेला चरणारी ती मेंढी. तिची पिल्लं फार लांब जातच नसतील. गुण एकटा फिरतो हे खरं, पण तो एकटाच पुरतो का?

याच सुमारास माझ्या बहिणीचं लग्न ठरलं. आईला तिच्यासाठी पैठणी घ्यायची होती, तीही थेट मागावरून. "तू येवल्याला जातेसच, मला घेऊन चल," म्हणाली. संस्थेची जीप होतीच. सकाळी आम्ही येवल्यात विणकरांच्या घरी गेलो, आईने मोराच्या पदराची जांभळी पैठणी निवडली, आणि मग ती म्हणाली, "आता तुझ्या त्या मेंढ्या दाखव."

वहिनीने आईला घोंगडी अंथरली, चहा केला. आईने साडीची पिशवी मांडीवर घट्ट धरली होती. समोर एक मेंढी नुकतीच व्यायलेली होती. पुन्हा दोन, पुन्हा तेच ढकलणं. आई बघत राहिली. मग मी सहज म्हणाले, "वहिनी, माझ्या आईलाही जुळंच झालं होतं. मी आणि माझी बहीण."

वहिनी एकदम आईसमोर येऊन बसली. "खरं का आई? मग दूध पुरलं?"

"कुठलं पुरतंय! माझी बहीण सातपूरला होती, तिला तेव्हाच मुलगा झालेला. तिने पाजलं एकीला."

आणि वहिनीने तो प्रश्न विचारला, जो आम्ही दोघी बहिणींनी कधीही विचारला नव्हता. "कोन्ती ठेवली, कोन्ती दिली?"

मी चहाचा कप खाली ठेवला. आईने मात्र सहज उत्तर दिलं, जणू आम्हाला ते माहीतच असणार.

"दोघींना. आलटूनपालटून. थोडे दिवस ही माझ्याकडे, ती मावशीकडे. मग उलट. यांचे वडील सायकलवर टोपली बांधून घेऊन जायचे कामाला जाताना, शिफ्ट संपली की दुसरीला घेऊन यायचे. सासूबाई म्हणायच्या, कशाला हा उपद्व्याप, एक तिकडेच राहू दे की. मी म्हटलं, नाही. एक कायमची तिकडे राहिली तर माझी ओळख विसरेल. आणि खरं सांगू का? मीही विसरेन, अशी मला भीती वाटायची."

तीस वर्षं मला वाटत होतं की ठेवलेली बहीण आणि दिलेली मी. त्याचं दुःख नव्हतं, मावशीने माझे लाडच केले. पण एक बारीकशी गोष्ट आत होतीच, जी मी कुणाला बोलले नव्हते. त्या संध्याकाळी मी बहिणीला फोन केला आणि सगळं सांगितलं. मग ती म्हणाली, "काय सांगतेस? मला वाटायचं ती मीच होते."

पण ते संध्याकाळी. तेव्हा शेतात वहिनी आईचं बोलणं ऐकून उठली होती. धनगरांकडे मेंढ्यांबरोबर घरच्या दुधासाठी चार-दोन शेळ्या असतात. तिने एक दुभती शेळी आणली. मेंढीने ढकललेलं कोकरू नेहमी शेळीला लावायची त्यांची रीत होतीच. या वेळी तिने उलटं केलं. लाडकं कोकरू उचलून शेळीला लावलं आणि मेंढीला बांधून ठेवून, तिच्या तोंडाला हात धरून नावडतं तिच्या सडाला लावलं. मग थोड्या वेळाने अदलाबदल. बाबा लांबून बघत होते. ते म्हणाले, "मिठाचं पानी लाव त्याच्या अंगाला, ती चाटंल." तेही केलं.

जादू झाली नाही. त्या मेंढीने दुसऱ्या दिवशीही ढकललं. पण वहिनीने चिकाटी सोडली नाही आणि चौथ्या-पाचव्या दिवशी कधीतरी मेंढी दोघांना पाजू लागली. कशामुळे, ते सांगणं अवघड. मिठामुळे, अदलाबदलीमुळे, की बांधून ठेवल्यामुळे? मी साहेबांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "तिन्ही एकदम केलंत, आता कसं कळणार?" मग पुढच्या मेंढीला फक्त अदलाबदल केली. तिने पहिल्याच दिवशी दोन्ही घेतली. त्यापुढच्या मेंढीने दुसरं शेवटपर्यंत घेतलं नाही. त्या मोसमात निम्म्याहून जास्त जुळी जगली. बाबांनी 'एकच झालं' हे म्हणणं बंद केलं.

खरी अडचण दिवाळीनंतर आली. कळप कोकणाकडे निघायचा होता. जुळी पाजणाऱ्या मेंढ्या खंगल्या होत्या. दोन पिल्लांना दूध द्यायचं आणि वर दिवसभर चालायचं, हे त्यांना झेपेना. बाबा म्हणाले, "या विकून टाकू. चालत नाय ती मेंढी कसली?"

त्या घरातला तो वाद मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. वहिनीचा नवरा मधे बसून कधी बापाकडे, कधी बायकोकडे बघत होता. वहिनी सासऱ्यासमोर कधी इतकं बोलली नसेल. ती म्हणाली, "मामंजी, तुमी चालनाऱ्या घेऊन जा. मी जुळ्यावाल्या घेऊन गावात राहते. कांद्याची पात हाय, मक्याचा कडबा हाय. पोरींची शाळा बी चालू राहील."

"आन् तिकडं सैपाक कोन करंल?"

"तुमचा लेक शिकंल."

बाबा माझ्याकडे वळले. "बघा बाई, तुमच्या मेंढ्यानं काय केलं. कळप फोडला."

खरंच फोडला होता. धनगराच्या घरात बाई मागे राहणं म्हणजे लहान गोष्ट नव्हे. सगळा संसार घोड्याच्या पाठीवर घालून तीच तर पुढच्या मुक्कामाला आधी पोचते, चूल मांडते. पण वहिनीचा निर्णय झाला होता. त्या वर्षी कळपाचे दोन भाग झाले. बाबा आणि त्यांचा मुलगा चालणाऱ्या मेंढ्या घेऊन घाट उतरले, वहिनी येवल्याजवळच्या गावात पत्र्याचं छप्पर टाकून राहिली.

मला बाबांचंही पटत होतं. सगळ्यांनीच जुळ्यावाल्या मेंढ्या ठेवल्या, तर चालणारी मेंढी दोन-तीन पिढ्यांत नाहीशी होईल. आणि एकदा गेलेली ती पुन्हा कुठून आणायची? बंगालहून नव्हे, हे नक्की. साहेबांशी मी यावर वाद घातला. ते म्हणाले, "म्हणूनच तर मी सगळा कळप बदला म्हणत नाही. थोड्यांत राहू दे." पण सरकारी बैठकांत ते असं बोलायचे नाहीत, तिथे फक्त वाढीचे आकडे दाखवायचे. ते का, हे मी कधी विचारलं नाही.

दुसऱ्या वर्षी वहिनीकडे एका मेंढीला तीन कोकरं झाली. तिन्ही लहान, मांजराएवढी. एकच वाचलं. त्या मेंढीचा बाप घरातलाच मेंढा आणि आईही त्याच्याच रक्ताची. जनुक तिला दोन्हीकडून आलं होतं. म्हणून मी ठरवलं की सगळ्यांचं रक्त तपासायचं आणि ज्या मेंढीत ते आहे तिला बाहेरचा साधा मेंढाच लावायचा. जूनमध्ये बाबा परत आले, तेव्हा रक्त काढायला मी गेले.

"रक्त काढलं की जनावर खंगतं," बाबा कुरकुरले. मी माझ्या दंडाला सुई टोचून दाखवली, तेव्हा ते तयार झाले. आणि मग त्यांना त्यात रसच वाटायला लागला. म्हणाले, "थांबा. तुमचं मशीन सांगायच्या आधी मी सांगतो कुनात हाय."

आम्ही पैजच लावली. बाबा कास बघून सांगत होते, वहिनी मेंढीची आई कोण ते आठवून, आणि मी आपली त्यांच्या अंगकाठीत बंगाल दिसतो का ते शोधत होते. आम्ही तीन माणसं कळपात शिरून एकेका मेंढीवर भांडत होतो. "हिच्यात नाय, हिची आई रडकी होती." "रडकीचा काय संबंध, मामंजी?" वहिनीचा नवरा घोंगडीवर बसून हसत होता. आता भाकरी तोही चांगली करायला लागला होता, असं वहिनी मला कौतुकाने सांगत होती.

निकाल आले, तेव्हा आम्हा तिघांचेही अंदाज जवळजवळ निम्मेच बरोबर निघाले. म्हणजे नाणं उडवलं असतं तरी तेवढेच आले असते. बाबा नाराज झाले. मग म्हणाले, "बाईचं बी चुकलं ना? मग ठीक हाय."

पण त्या निकालांत एक गोष्ट होती, ती सांगायची राहिली. बाबांच्या चालणाऱ्या कळपात एक म्हातारी मेंढी होती, एका कानाला चीर गेलेली. आमचा मेंढा यायच्या कितीतरी आधीची. त्या उन्हाळ्यात कोकणातून परत येताना, घाटाच्या वरच्या अंगाला ती व्यायली आणि तिला जुळं झालं. दोन्ही कोकरं तिने स्वतःच पाजली, एकालाही ढकललं नाही, आणि दोघांना घेऊन ती बाकीच्यांच्या बरोबरीने चालत येवल्यापर्यंत आली. मी उत्सुकतेने तिचं रक्त वेगळं ठेवलं होतं. तिच्यात ते जनुक नव्हतं.

साहेबांनी नमुना पुन्हा तपासायला लावला. पुन्हा तेच. "चांगलं खाणं मिळालं असेल कोकणात," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "किंवा योगायोग." मग आणखी थोड्या वेळाने, "किंवा दुसरंच काहीतरी असेल."

मी पुढच्या वेळी येवल्याला गेले तेव्हा त्या मेंढीला शोधलं. ती गोठ्याबाहेर सावलीत रवंथ करत बसली होती. तिच्या दोन्ही बाजूंना तिची दोन कोकरं बसली होती, आता बरीच मोठी झालेली. वहिनी माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.

"ताई, हिच्यात नाय म्हनता?"

"नाही."

"मग हिच्यात काय हाय?"

"माहीत नाही, वहिनी."

वहिनी कंबरेवर हात ठेवून मेंढीकडे बघत राहिली. आतून बाबा कुणावर तरी ओरडत होते. मेंढीने मान वळवून आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा रवंथ सुरू केलं. वहिनी म्हणाली, "हिची लेक व्याली की तिलाबी बघू. म्हातारीला विकू नका म्हनून मामंजींना तुमीच सांगा. माझं नाय ऐकायचे."

मी आत जाऊन बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "विकतंय कोन?"